भूमिगत कोळसा खाण आणि गावची विहीर

ठाण्याच्या खोपट भागात जमिनीखाली जो काळा कातळ आहे, त्यात दगडी कोळसा सापडावयाचा नाही. लाव्हारसाच्या थरांनी बनलेला हा बेसाल्ट खडक राज्याच्या सुमारे ८२ टक्के भूभागावर पसरलेला आहे. तो मुळात सच्छिद्र नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधील भुसभुशीत पट्ट्यात. म्हणूनच एका विहिरीस पाणी लागते आणि हाकेच्या अंतरावरील दुसरी कोरडी राहते. तथापि, खोपटचा आणि कोळशाचा काहीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची विद्युतवाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. विदर्भात कोळशावर तयार होणारी वीज तिच्याद्वारे कोकणपट्टीतील नगरांकडे येते. ज्या भूमीतून हा कोळसा काढला जातो, तेथील पाण्याचे काय होते, हे समजून घेणे त्यामुळे केवळ विदर्भवासीयांचे काम उरत नाही.

महाराष्ट्रातील कोळसा गोंडवनी संघाच्या खडकांत आढळतो. सर्वांत खाली तालचेर, त्यावर बराकर, काही ठिकाणी मोतुर आणि त्यावर कामठी असा या थरांचा क्रम आहे. कोळसा असतो तो बराकर थरात. कामठी या नावाचा मान नागपूरजवळच्या कामठी गावाला मिळाला आहे. कोळसाक्षेत्राच्या पश्चिम अंगास या सर्वांवर पुन्हा बेसाल्टचे आवरण आहे; म्हणजे खोपटच्या कातळाचाच भाईबंद तेथे कोळशाचे झाकण होऊन बसला आहे.

पाण्याच्या दृष्टीने या थरांतील महत्त्वाचा खडक म्हणजे कामठीचा वालुकाश्म. वाळूचे कण एकमेकांस चिकटून बनलेला हा खडक बेसाल्टच्या उलट अंगभर सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, साठते आणि हळूहळू वाहते. चंद्रपूर व नागपूर जिल्ह्यांतील पुष्कळ गावांच्या विहिरी आणि कूपनलिका याच थरावर जगतात. त्याच्या खाली, बराकर थरातील वालुकाश्मातही पाणी असते. पण ते चिकणमाती व शेल यांच्या अभेद्य पदरांमध्ये कोंडलेले आणि दाबाखाली असते. अशा थरात नळी उतरविली की पाणी तिच्यात वर चढते.

आता भूमिगत खाण म्हणजे काय, याचा पाण्याच्या बाजूने विचार करावा. कोळशात बोगदे पाडून आणि मध्ये खांब राखून काम पुढे सरकते. पाण्याच्या हिशेबी ही एक अतिशय रुंद व खोल विहीरच होय. सभोवारचे पाणी तिच्याकडे झिरपू लागते, खाणीच्या तळाशी खोलगट जागी साठते आणि तेथून पंपाने वर उपसले जाते. पंप थांबविता येत नाही, कारण तो थांबला तर कामगारांची जागा पाण्याखाली जाईल. समजा, एखाद्या खाणीतून मिनिटाला १,००० गॅलन पाणी उपसले जाते. हे पाणी दिवसाला सुमारे ६५ लाख लिटर होते. माणशी ५५ लिटर या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या मापाने ते जवळजवळ १ लाख १९ हजार लोकांना पुरावे. एवढे पाणी उपसल्यावर खाणीभोवतीची भूजलपातळी नरसाळ्याच्या आकाराने खाली जाते. गावची विहीर या नरसाळ्याच्या कडेच्या आत आली, की तिचा तळ उघडा पडतो.

मात्र प्रत्येक विहीर आटतेच असे नाही. खाणीचे पाणी खालच्या कोंडलेल्या थरातले आणि विहीर वरच्या वालुकाश्मातली असेल, आणि मधला चिकणमातीचा पदर शाबूत असेल, तर दोन्ही पाणी वर्षानुवर्षे वेगळी राहू शकतात. खरी कसोटी लागते ती राखलेले खांब शेवटी काढून घेतले जातात तेव्हा. छप्पर कोसळते, त्यावरील खडकात भेगा पडतात, कधी त्या भेगा शेतापर्यंत पोहोचतात आणि जमीन खचते. मधला पदर एकदा फाटला की वरचे पाणी सरळ खाली उतरते. पोकळीत नदीची वाळू पाण्याबरोबर भरण्याची पद्धत यासाठीच आहे. ती खर्चाची आहे, आणि वाळू उपसल्याने नदीचे पात्रही झिजते, हे विसरता कामा नये. विभंग, म्हणजे खडक जेथे तुटून सरकले आहेत ती रेषा, हा आणखी एक चोरवाटेचा प्रकार. ती नकाशावर अचूक दाखविलेली असणे फार महत्त्वाचे असते.

साठलेल्या पाण्याचे भय किती मोठे असते, हे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत दिसून आले. शेजारच्या जुन्या कामांतील पाणी मधली भिंत फोडून आत आले आणि सुमारे पावणेचारशे माणसे प्राणास मुकली. पन्नास मीटर उंचीच्या पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे पाच किलोग्रॅम असतो. अशा दाबापुढे कोळशाची पातळ भिंत टिकत नाही. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत, पाणी नसल्याची खात्री न झालेल्या जुन्या कामांपासून ६० मीटरच्या आत परवानगीवाचून पुढे जाण्यास मनाई केलेली होती, ती उगीच नव्हे. १९५७ चे विनियम जाऊन २०१७ चे आले, तरी जुन्या खाणींचे नकाशे जपून ठेवण्याची गरज तशीच आहे. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली व १९०६ मध्ये बंद पडली. अशा जुन्या कामांचे अचूक नकाशे हाती नसतील, तर शेजारी नवी खाण काढणाऱ्याला अंधारातच चालावे लागते.

उपसलेले पाणी नेहमी निरुपयोगी असते असे नाही. आपल्याकडील कोळशात गंधकाचे प्रमाण सामान्यतः कमी असल्याने ते पाणी तीव्र आम्ल क्वचितच होते. त्यातील दोष बहुधा कठीणपणाचे आणि विरघळलेल्या क्षारांचे असतात. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी खाणीचे पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने बाटलीबंद करण्याचा उपक्रम वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडने २०१८ च्या सुमारास हाती घेतला. पण पाणी शुद्ध करून वाटणे आणि गावच्या विहिरीचे पाणी परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्रामपंचायतीच्या हाती याबाबतीत एक साधन आहे, व ते अगदी स्वस्त आहे. खाणीचे काम गावाजवळ येण्यापूर्वी प्रत्येक विहिरीची खोली, उन्हाळ्यातील व पावसाळ्यानंतरची पातळी मोजून नोंदवहीत लिहावी. मोजमापासाठी दोरी, वजन आणि शाळेतील विज्ञानशिक्षकाची शिस्त पुरेशी आहे. १९७२ पासून कार्यरत असलेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ती ताडून पाहता येते. पाण्याचा एक नमुनाही तपासून घ्यावा. चंद्रपूर जिल्ह्यातील कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड नैसर्गिकरीत्याच अधिक आढळते. आधीची तपासणी नसेल तर त्याचा दोष खाणीवर येईल, आणि खाणीने खरोखर केलेला बिघाड निसर्गाच्या नावावर जमा होईल. नुकसानभरपाईच्या सुनावणीत गावकऱ्यांच्या आठवणीपेक्षा तारखेसह लिहिलेला आकडा अधिक टिकतो.

खाण बंद झाल्यावर पंप थांबतात आणि पाणी पुन्हा चढू लागते. तीन मीटर जाडीच्या थरातील चौथा हिस्सा कोळसा काढलेला असेल, तर एका हेक्टरखाली ७५ लाख लिटर पाणी मावेल एवढी पोकळी राहते. ती भरण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि भरल्यावर पाणी सर्वांत सखल तोंडातून, जुन्या विवरातून किंवा एखाद्या ओढ्याच्या काठाने बाहेर पडते. त्या वेळी खाणीचे कार्यालय बहुधा हललेले असते. म्हणून केंद्र सरकारने २००९ मध्ये खाणबंदीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत बंद करण्याच्या खर्चाची रक्कम खाण चालू असतानाच वेगळ्या खात्यात भरण्याची तरतूद केली आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील खाणीचा बंद आराखडा मागवून पाहावा. त्यात पाण्याच्या पातळीची देखरेख किती वर्षे आणि कोणत्या विहिरींवर करावयाची आहे, हे पान प्रथम उघडावे.