जूनची घाई

दोन-अडीच वर्षांचं मूल खेळता खेळता एकदम थांबतं. पडद्यामागे किंवा दाराच्या कोपऱ्यात जातं, पाय एकमेकांवर आवळतं, टाचा उचलतं, अंग ताठ करतं, चेहरा लालबुंद होतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, "जोर करतोय, करू द्या." बहुतेक वेळा नेमकं उलटं चाललेलं असतं. शी बाहेर येऊ नये म्हणून ते मूल सगळी ताकद लावत असतं. ही खूण मी सगळ्यात आधी सांगतो आहे, कारण आमच्या घरी पुढे कित्येक महिने जे चाललं ते इथूनच सुरू झालं. ज्यांना ती वेळेवर ओळखू येईल त्यांच्या मुलाचा बराच त्रास वाचेल.

मी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. बायको परिचारिका, तिच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे मुलाला शी-शू शिकवण्याचं काम उन्हाळी सुट्टीत माझ्याकडे आलं. जूनमध्ये त्याला एका खासगी बालवर्गात घालायचं होतं आणि त्यांची अट होती की डायपर लावणारं मूल घेणार नाही.

सुट्टीचे दिवस छान गेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, मुलं उघडीच असतात. नुसती चड्डी, ओली झाली की बदलायची, फरशी पुसायची. हळूहळू तो स्वतः "शू" म्हणून हात धरायला लागला. शी मात्र त्याला डायपरमध्येच हवी असायची. तो मागायचा, आम्ही लावून द्यायचो. बरीच मुलं शू आधी शिकतात आणि शीसाठी महिनोन् महिने डायपर मागतात. त्यात बिघडलेलं काही नसतं. मुलाला थोडा वेळ हवा असतो, एवढंच.

मग जून आला. शाळेत एक दिवस चड्डीत शी झाली. घरून कुणी येईपर्यंत त्याला सगळ्या मुलांसमोर बाजूला उभं ठेवलं गेलं, आणि "एवढा मोठा झालास तरी?" असं विचारलं गेलं. तिथल्या शिक्षिकाबाईंकडे मुलं किती होती आणि मदतीला माणसं किती होती, हे मी पाहिलं आहे. मीही वर्गावर उभा राहतो, त्यांची ओढाताण मला कळते. तरीही त्या तासाभरात मुलाच्या मनात जे बसलं ते निघायला फार काळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून शी बंद. तीन-चार दिवसांनी झाली ती खडा, आणि तिच्यासोबत रक्ताची रेघ. मुलानं आपल्यापुरता हिशेब केला: शी केली की दुखतं, शी केली की लाज वाटते, म्हणजे शी करायचीच नाही. जेवण कमी झालं, पोट टम्म, चिडचिड वाढली. आणि मग, आठवड्याभरानं, चड्डीला सारखे पातळ डाग लागू लागले. घरी आलेल्या पाहुण्यांपैकी एकीनं सांगितलं की पोट बिघडलंय, दूध बंद करा. दुसरीनं सांगितलं, मुद्दाम करतोय, एक धपाटा द्या. माझी आई तेवढी ठाम होती. "घाई कसानी शे? येळ उनी का आपसूक शिकी जाई," हे तिचं म्हणणं.

नंदुरबारच्या बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासलं आणि कागदावर आकृती काढून समजावलं. ते प्रत्येक आईबापाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. शी अडवली की ती गुदाशयात साठते. आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, म्हणून ती आणखी मोठी आणि कडक होते. गुदाशय ताणला जातो. ताणलेल्या गुदाशयाला "आता शी आली" ही जाणीव कमी होते. वरून येणारी पातळ शी त्या कडक गोळ्याच्या कडेनं झिरपते आणि चड्डीत उतरते. ती मुलाला समजतसुद्धा नाही. तिला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध दिलं तर गोळा आणखी घट्ट होतो. तिला खोडी समजून मूल मारलं तर ते आणखी अडवतं. डागांवर रागावण्यात अर्थ नाही, कारण त्यावर मुलाचा ताबाच उरलेला नसतो.

आमच्याकडे अशा वेळी घरगुती उपाय पटकन पुढे येतात. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावणं, साबणाची कांडी, एरंडेल. आधीच दुखऱ्या झालेल्या जागी काहीही घालणं म्हणजे मुलाची भीती खरी करून दाखवणं. साबणानं तिथली नाजूक त्वचा भाजते. माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. डॉक्टरांनी आम्हाला शी मऊ ठेवणारं औषध दिलं आणि बजावलं की दोन दिवस शी झाली म्हणून ते थांबवायचं नाही. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. सवय लागेल ही भीती आम्हालाही होती. ते औषध शीमध्ये पाणी धरून ठेवतं, आतड्याला आळशी करत नाही, हे त्यांनी पटवून दिलं. मात्र कुठलं औषध आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

ताटही बदललं. मुलगा दिवसभर दूध मागायचा आणि पोट त्यावरच भरायचं. या वयात दूध अर्ध्या लिटरच्या वर गेलं की जेवण मागे पडतं, शी घट्ट होते आणि लोहही कमी पडतं. दूध कमी केलं, बिस्किटं बंद केली. दादर ज्वारीची भाकरी डाळीत कुस्करून, मेथी, पेरू, आणि पपई. शहाद्याची पपई ट्रक भरभरून बाहेर जाते आणि आपल्याच घरात मूल मैद्याच्या बिस्किटावर वाढतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. उन्हाळ्यात पाणी मुलं मागतीलच असं नाही. ते आपण पुढे करायचं.

डायपर पुन्हा सुरू केला. लोकांना हे मागे जाणं वाटलं. डॉक्टरांचं सांगणं होतं की आधी दुखणं जाऊ द्या, मग भीती, मग जागा बदला. तसंच केलं. मऊ शी डायपरमध्येच, पण न्हाणीघरात उभं राहून. मग डायपर लावूनच भांड्यावर बसून. मग डायपर सैल. पावसाळा सरला, दिवाळी झाली, तेव्हा कुठे तो एका सकाळी आपणहून भांड्यावर बसला. आम्ही "झाली का? चल, धुऊया" एवढंच म्हटलं. टाळ्या वाजवणं, चॉकलेट देणं मला पटत नाही. ज्या दिवशी शी होत नाही त्या दिवशी तेच मूल टाळ्यांची वाट बघत हिरमुसतं.

वयाबद्दल घरोघरी भांडणं होतात. आमच्या आईच्या पिढीनं डायपर पाहिला नव्हता. ती दोन-तीन महिन्यांच्या बाळाला दोन्ही पायांवर बसवून शीला धरायची, तोंडानं शू-शू आवाज करायची, आणि बाळ करायचंही. ही काही अंधश्रद्धा नाही. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजावरचा एक अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या आया जन्मानंतरच्या काही आठवड्यांतच असं धरू लागतात आणि पाच-सहा महिन्यांत मूल बरंचसं कोरडं राहतं, असं त्यात नोंदवलं आहे. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी मांडल्या. मुलाची तयारी बघत, जबरदस्ती न करता शिकवलं तर मुलं सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या वयात दिवसा कोरडी राहू लागली. वरवर दोन टोकं दिसतात. पण दोन्हीकडे मोठं माणूस मुलाच्या खुणा वाचतं आणि ओरडत नाही. आजीची पद्धत चालायची कारण आजी दिवसभर बाळाजवळ असायची. दिवसभर नोकरी करणाऱ्या आईनं तशी अपेक्षा स्वतःकडून करू नये, आणि सासूनंही सुनेकडून करू नये.

दीड-दोन वर्षांनंतर तयारीच्या खुणा दिसू लागतात. दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते, मूल उकिडवं बसून आपणहून उठतं, चड्डी खाली ओढता येते, "झाली" किंवा "आली" सांगतं, ओलं झालेलं आवडत नाही. या खुणा बघा, शेजारच्या मुलाचं वय बघू नका. घरात नवं बाळ येणार असेल, घर बदलायचं असेल, मूल आजारातून उठलं असेल तर तेवढे दिवस थांबा. धडगाव, अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्या मुलांचं घर, पाणी, जागा सगळंच एका रात्रीत बदलतं. माझ्या वर्गातली अशी मुलं परत आल्यावर पुन्हा ओलं करतात. त्यांना रागावण्याआधी मुक्कामावर संडास होता का, हे विचारावं.

जागेचा विचार आपण सगळ्यात कमी करतो. भारतीय पद्धतीच्या संडासात पाय ठेवायच्या दोन जागांमधलं अंतर मोठ्या माणसाच्या मापाचं असतं. लहान मुलाचे पाय तिथे पोचत नाहीत, खाली अंधारं भोक, वरून बादलीचं पाणी धाडकन पडतं. घाबरणार नाही तर काय? प्लॅस्टिकचं लहान भांडं सगळ्यात सोपं. ते नसेल तर मोरीत कागद अंथरून त्यावर उकिडवं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा विटा हव्यातच, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत. लोंबकळत्या पायांनी मुलाला नीट जोर देता येत नाही. जेवणानंतर आतड्याची हालचाल आपसूक वाढते, म्हणून न्याहारी किंवा जेवण झाल्यावर पाच-सात मिनिटं बसवा. आली तर आली. त्या वेळी हातात मोबाइल देऊ नका, पोटाकडे लक्ष जाणं हेच शिकायचं असतं. नाड्याची चड्डी नको, रबरी पट्टीची घ्या.

चड्डीत झालीच तर चेहरा साधा ठेवून धुवा आणि बदला. मुलींना पुढून मागे धुवायची सवय पहिल्यापासून लावा, नाहीतर शीमधले जंतू लघवीच्या मार्गात जातात. आणि एक गोष्ट गावोगावी सांगावी लागते. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते असं मानून ती उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकतात. तिच्यात जुलाबाचे जंतू मोठ्यांच्या शीइतकेच असतात. कुपोषणाशी इतकी वर्षं झुंजणाऱ्या आपल्या जिल्ह्यात वारंवारचे जुलाब मुलाचं वजन खाऊन टाकतात. शी संडासातच टाका, भांडं धुवा, नंतर मुलाचे आणि आपले हात साबणानं धुवा.

आता शाळांविषयी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला काम नेलं. तिथे मुलांना आंघोळ घालणं, स्वच्छ करणं हा शिक्षणाचाच भाग होता. ज्या परंपरेत मूल जसं आहे तसं उचलून आत घेतलं गेलं, त्याच महाराष्ट्रात तीन वर्षांच्या मुलाला "आधी कोरडा होऊन ये" सांगणं मला मान्य नाही. प्रवेशापूर्वी विचारा: चड्डी खराब झाली तर कोण बदलतं? मुलांच्या मापाचा संडास आहे का, त्यात उजेड आणि पाणी आहे का? मूल मागेल तेव्हा जाऊ देता का? उत्तरं अडखळत आली तर दुसरी जागा शोधा किंवा वर्षभर थांबा. आम्ही मुलाला त्या खासगी बालवर्गातून काढलं. पुढच्या वर्षी तो गल्लीतल्या अंगणवाडीत जाऊ लागला. पहिल्याच आठवड्यात चड्डीत झाली, तेव्हा सेविकाताईंनी धुऊन दुसरी चड्डी घातली आणि गाण्याच्या रांगेत परत बसवलं.

धीर कुठे धरायचा नाही, तेही सांगतो. जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवसांनी झाली असेल, पहिल्या काही आठवड्यांपासून बद्धकोष्ठ असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल, पायात अशक्तपणा वाटत असेल, लघवी करताना जळजळ आणि ताप असेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. 

रात्रीचं वेळापत्रक दिवसाहून निराळं असतं. पाच वर्षांच्या शंभर मुलांतली पंधराएक रात्री ओलं करतात आणि त्यातली बहुतेक वाढत्या वयात आपोआप थांबतात. झोपण्याआधी शूला न्या, गादीवर मेणकापड आणि वर जुनी गोधडी घाला. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत याची काळजी करू नका. पण बरेच महिने कोरडं राहिलेलं मूल एकाएकी पुन्हा ओलं करू लागलं तर आधी शी नीट होते का ते पाहा, आणि शाळेत किंवा घरात काय घडलं ते मुलाला जवळ घेऊन विचारा. त्यासोबत खूप तहान लागत असेल, वजन उतरत असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.