आधी चावी, मग हिशेब

पोरा, आसनगावच्या खोल्या आता तू बघणार, तर एवढं ऐकून ठेव. आपल्याकडचा भाडेकरू मुंबईच्या चाळीतल्यासारखा ठाण मांडून बसत नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राट संपलं की कामगार निघाला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, मग रस्त्याच्या कामावरची माणसं कशाला थांबतील? करार अकरा महिन्यांचा, माणूस सहाव्यात चालला. त्याआधी दोन महिने भाडं बंद, नि वर म्हणणार, "डिपॉझिटमधून वळते करा ना, शेठ."

डोकं तापवू नको. लाईट तोडणं, पाणी बंद करणं, त्याच्या कुलपावर आपलं कुलूप ठोकणं, यातलं काही करायचं नाही. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा जिथं लागू आहे तिथं लाईट-पाणी तोडणं हा गुन्हाच. नसला लागू, तरी तो पोलीस ठाण्यात आधी पोचला की थकबाकी राहते बाजूला आणि जबाब तुझा.

थकलेल्या भाड्यापेक्षा ताबा मोठा. गेलेले पैसे एकदाच जातात. खोली अडकली तर दर महिन्याला जातात. "चावी पानवाल्याकडे ठेवतो" म्हणाला तर साफ नाही म्हण. दिवसाउजेडी समोर बोलाव. मीटरचा आकडा दोघांनी बघा, फोटो काढ. मोरीतली तोटी, पंख्याचा रेग्युलेटर हात लावून बघ; या दोन वस्तूंना पाय फुटतात. मग साध्या कागदावर लिही: अमुक तारखेला ताबा दिला, आत सामान नाही, भाडं इतकं बाकी. त्याची सही, शेजाऱ्याची सही. आता हिशेब. अनामत 12,000, दोन महिन्यांचं भाडं 8,000, लाईटबिल 1,100, उरलेले 2,900 तिथंच परत कर. रंगाचा खर्च घुसडू नको, राहत्या घराची भिंत मळणारच.

करारात लॉक-इन, म्हणजे अमुक महिने राहायचंच अशी अट, असली तरी उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मिळेल असं धरून चालू नको. पुढच्या पहिलीला दुसरा भाडेकरू बसवलास, तर कोर्ट विचारेल, नुकसान कुठं झालं? खोली रिकामी राहिली तेवढ्याचं माग.

कुलूप लावून पसार झाला, तर कुलूप फोडण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे, वकिलाला विचार. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं नोटीस धाड, पोचपावती जपून ठेव. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो. त्याआधी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा. लोकअदालतीला कोर्ट फी नाही, तडजोड झाली तर अपीलही नाही. मात्र दोन-तीन हजारांसाठी शेतीचे दिवस मोडू नको.

हे सगळं नोंदवलेल्या करारावर उभं राहतं, नुसत्या नोटरीच्या स्टँपवर नाही. आणि आज संध्याकाळीच तिसऱ्या खोलीतल्याचा गावचा पत्ता वहीत लिहून घे. त्यानं पलंग विकायला काढलाय, काकी सांगत होती.