पाय कोण चालवतो?

आमच्या मोत्या कुत्र्याला ट्रॅक्टरचा धक्का लागला. पाय मोडले नाहीत, तरी तो मागचे पाय फरफटत चालतो. असे का? मी गुरुजींना विचारले.

गुरुजी म्हणाले, "मेंदूच्या खालच्या देठाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. तो 'चल', 'पळ' असा हुकूम सोडतो. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. कोणता पाय आधी, कोणता मग, हे तो सांभाळतो. पाय टेकल्याची बातमीही त्यातूनच वर जाते."

१९६६ साली मॉस्कोत शिक, सेवेरिन व ओर्लोव्स्की या शास्त्रज्ञांनी मांजरावर प्रयोग केला. त्याच्या मेंदूचा वरचा भाग तोडलेला होता. तरी देठाला थोडी वीज देताच ते फिरत्या पट्ट्यावर चालू लागले. वीज वाढवली तर पळू लागले!

गुरांचे डॉक्टर म्हणाले, मोत्याच्या कण्याला मार लागलाय. म्हणून हुकूम मागच्या पायांपर्यंत पोचत नाही. त्या दिवशी मी त्याला ओढतच घरी आणले होते. ते माझे चुकले.

मुलांनो, पाठीला मार लागलेल्या जनावराला किंवा माणसाला ओढू नका. आधी मोठ्यांना बोलवा. न्यावेच लागले तर फळीवर सरळ निजवून न्यावे.