कामाचें माप व उंचीचें माप

गेल्या वर्षीं कवायतीच्या रांगेंत नेहमीं पहिला उभा राहणारा एक विद्यार्थी आमच्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, मला वनरक्षक व्हावयाचें आहे; पण उंची आड येईल." आम्हीं त्यास भिंतीशीं उभें करून मोजलें. उंची 156 सेंटिमीटर भरली. महाराष्ट्राच्या वनरक्षक भरतींत पुरुषांस 163 व स्त्रियांस 150 सेंटिमीटर उंची लागते. परंतु अनुसूचित जमातींच्या उमेदवारांस अनुक्रमें 152.5 व 145 सेंटिमीटर पुरते. मुलगा गोंड कुटुंबांतला. आपल्यासाठीं दार उघडें आहे हें त्यास ठाऊकच नव्हतें. तितक्यांत तेवढ्याच उंचीचा त्याचा मित्र, जो त्या जमातींतला नव्हता, म्हणाला, "मग माझें काय?" त्या प्रश्नानें आम्हांस विचारांत पाडलें.

उंच माणसास अधिक वेतन मिळतें काय? इंग्लंड व अमेरिका येथील पाहणींत सरासरीनें तसें आढळलें आहे. तथापि त्याचें कारण हाडांच्या लांबींत नाहीं. 2004 सालीं पर्सिको, पोस्टलवेट व सिल्व्हरमन या अर्थशास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, प्रौढ वयांतील उंचीपेक्षां सोळाव्या वर्षाची उंची वेतनाशीं अधिक निगडित असते. त्या वयांत उंच असलेलीं मुलें खेळांत व मंडळांत पुढें येतात व तेथील शिदोरी जन्मभर पुरते. 2008 सालीं ॲन केस व क्रिस्टिना पॅक्सन यांनीं दुसरें कारण मांडलें: बाळपणीं ज्यांस अन्न व आरोग्य लाभतें, त्यांचें शरीर वाढतें आणि बुद्धीही वाढते. म्हणजे वेतनाचें मूळ पाळण्यांत आहे. शिवाय ही सरासरी आहे. तीवरून कोणा एकाचें भविष्य वर्तवितां येत नाहीं.

आतां आपल्या रानाकडे पहा. उन्हाळ्यांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या गांवोगांवचीं माणसें तेंदूपानें तोडतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधतात व पुड्यांच्या संख्येवर मजुरी ठरते. मोजणाऱ्यास तोडणाऱ्याची उंची विचारण्याचें कारण पडत नाहीं. वनरक्षकासही दूरवर चालावें लागतें, वणवा ओळखावा लागतो, झाडांची व जनावरांची पारख असावी लागते. धांवणें व चालणें यांची परीक्षा घेणें योग्यच. पण जेथें उंचीवांचून काम अडत नाहीं, तेथें उंचीची अट कां, हें अट घालणारानें सांगितलें पाहिजे. जेथें ती खरोखर लागते तेथें कोणाची तक्रार नसावी.

पालकांस एक विनंति. ठेंगणेपण आमच्या रक्तांतच आहे, असें म्हणून स्वस्थ बसूं नका. भारतासह सहा देशांतील सुदृढ व नीट जोपासलेल्या मुलांची पाहणी करून जागतिक आरोग्य संघटनेनें 2006 सालीं वाढीचीं मापें प्रसिद्ध केलीं. पहिल्या पांच वर्षांत त्या सर्व देशांतील मुलें जवळजवळ सारखींच वाढलीं. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं सुमारें 35 मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. गरोदर मातेस पोटभर अन्न, बाळास सहा महिने केवळ आईचें दूध, पुढें वरण, अंडें, भाजी, शुद्ध पाणी, आणि मुलीस मुलाइतकाच घांस, एवढ्यानें पुष्कळ साधतें. बाळपणीं उपास घडवावयाचा आणि तरुणपणीं उंची कमी म्हणून परत पाठवावयाचें, हा एकाच अपराधास दोनदां दंड होय. आणि अपराधही त्या मुलाचा नव्हे.

म्हणून सवलत ही भीक नव्हे, तें झालेल्या उणिवेचें अंशतः निवारण आहे. पण भूक जात पाहून येत नाहीं. त्या दुसऱ्या मुलास आम्ही काय सांगणार? नियम बदलणें आमच्या हातीं नाहीं. आम्हीं त्यास इतकेंच सांगितलें कीं, बाबा, ही अट सर्व कामांस नाहीं. प्रत्येक जाहिरात शेवटपर्यंत वाच, आणि जेथें हात, पाय व डोकें मोजलें जातें तेथें मागें राहूं नकोस. पहिला मुलगा त्या दिवसापासून पहांटे धांवूं लागला. आठवड्याभरानें पाहतों, तर त्याच्याबरोबर दुसराही धांवत होता.