प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गोळी

कोरोनाच्या साथीत घरोघरी झिंकच्या गोळ्या आल्या. साथ ओसरली, पण आमच्या आईची गोळी सुरूच राहिली. रोज ५० मिलिग्रॅम, कुणालाही न विचारता. पुढे तिचं हिमोग्लोबिन उतरत गेलं आणि लोहाच्या गोळ्यांनीही ते वाढेना. पाय बधिर होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला. वय, मणका, बी-१२, सगळ्या शंका घेऊन झाल्या. अखेर रक्तविकारतज्ज्ञांनी विचारलं, "आजी, माझ्या चिठ्ठीबाहेरचं आणखी काय घेता?" तपासणीत शरीरातलं तांबं जवळजवळ संपलेलं निघालं.

जास्त झिंक पोटात गेलं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन भरपूर तयार करतात. ते तांब्याला धरून ठेवतं आणि पेशी झडल्या की तांबंही बाहेर जातं. तांब्याविना लोह वापरता येत नाही, मज्जातंतू बिघडतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. आईच्याही घटल्या होत्या. ज्या प्रतिकारशक्तीसाठी ती गोळी घेत होती, तीच खालावली होती. गोळी बंद करून तांबं दिल्यावर रक्त सुधारलं. पावलांचा बधिरपणा मात्र पुरता गेला नाही.

म्हणून झिंक वाईट, असं मुळीच नाही. बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमध्ये वाढ खुंटलेले तरुण पाहिले. त्यांचं जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेली रोटी. १९६१ साली त्यांनी झिंकच्या कमतरतेची शंका मांडली आणि पुढे इजिप्तमध्ये ती खरी ठरली. धान्य-डाळींतलं फायटेट झिंक शोषू देत नाही. मोड आणल्याने, आंबवल्याने ते कमी होतं. मोडाची मटकी, आंबोळी यांचं मोल इथे कळतं. मटण आणि कोकणातली कालवं खाणाऱ्यांना ही अडचण कमी.

खरी काळजी कुणी करावी? जेमतेम खाणारे शाकाहारी वृद्ध, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, जुनाट जुलाब, आतड्याचा किंवा यकृताचा आजार असलेले, सिकलसेलचे रुग्ण, रोज दारू पिणारे, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे. त्यात चव गेली असेल, जखमा भरत नसतील, सारखा संसर्ग होत असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. नुसत्या रक्ततपासणीवर विसंबू नका. ताप किंवा संसर्ग असताना रक्तातलं झिंक तसंही उतरतं, जेवणानंतरही उतरतं. म्हणून नमुना सकाळी, उपाशीपोटी द्यावा. आहार आणि आजार यांची चौकशी तितकीच महत्त्वाची.

आपल्याकडची शिफारस पुरुषाला दिवसाला १७, स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅमची आहे, तीही अन्नासकट. मोठ्यांसाठी वरची मर्यादा ४०. पाकिटावरचा आकडा वाचा. मल्टिव्हिटॅमिनमध्येही झिंक असतं, त्याची बेरीज करा.

लहान मुलाला जुलाब लागले तर मात्र ओआरएससोबत झिंक द्यायलाच हवं : सहा महिन्यांखाली १० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम रोज, १० ते १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करा.