गाडीतला कॅमेरा

गेल्या सुट्टीत घाटात मागच्या टेम्पोची आमच्या गाडीला धडक बसली. ‘तुमचीच गाडी मागे घसरली,’ असे चालक म्हणाला. डॅशकॅम होता, पण कार्डात चित्रणच नाही! जुन्यावर नवे लिहून लिहून साधे कार्ड झिजले होते. आम्ही ते कधी तपासलेच नव्हते. बाबांना भरपाई द्यावी लागली.

नवा कॅमेरा मीच निवडला. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’. उन्हात बॅटरी फुगते, म्हणून कपॅसिटरवाला. जागा आरशामागे, नजर अडणार नाही अशी. तारीख-वेळ बिनचूक. धडकेची फाइल जी-सेन्सर राखून ठेवतो, तरी प्रत लगेच काढावी. छावणीच्या फाटकाशी मात्र बाबा आधी त्याची वायर काढतात. आत चित्रणाला मनाई आहे.