मोलचा हिशेब आणि टी.सी.एल. पावडर

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात रसायनशास्त्र घेणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यास हा विषय कठीण का वाटतो, याची चर्चा बहुधा इंग्रजीपाशी येऊन थांबते. दहावीपर्यंत संयुग, द्रावण, आम्ल हे शब्द मराठीतून शिकलेल्या मुलास पुढे तेच शब्द परक्या वेशात भेटतात, ही अडचण खरीच आहे. परंतु ती वर्षभरात ओसरू शकते. मराठीस हा विषय नवाही नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथरचना केली होती. अधिक खोल अडचण आहे ती ‘मोल’ या कल्पनेची. व्याख्या पाठ असते, अर्थ उमजलेला नसतो. मग पुढची सारी गणिते सूत्रे घोकून सोडविली जातात आणि होतकरू मुलेही विज्ञान शाखेस कंटाळतात.

वस्तुतः कल्पना साधी आहे. खिळे कोणी मोजून घेत नाही, तोलून घेतो. अणू-रेणूंची गणतीही रसायनशास्त्र अशीच वजनावरून करते. १८ ग्रॅम पाणी म्हणजे जेमतेम एक घोट. ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा म्हणजे मूठभर. दोहोंचे वजन वेगळे, पण दोन्ही एकेक मोल, म्हणजे घटकांची संख्या सारखीच : ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. पूर्वी ही व्याख्या १२ ग्रॅम कार्बनवर आधारलेली असे. २० मे २०१९ पासून ती संख्याच निश्चित करण्यात आली आहे. जुनी टिपणे वापरणाऱ्या अध्यापकांनी एवढी दुरुस्ती अवश्य करावी.

हा हिशेब फळ्यावर पटत नाही. तो ब्युरेटपाशी पटतो. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. विहिरीत व टाकीत टाकण्यासाठी ग्रामपंचायतीत ठेवलेली टी.सी.एल. पावडर हे उत्तम साधन आहे.

एक ग्रॅम पावडर पाण्यात घोटून १०० मिलिलिटर करावी. चुना तळाशी बसू न देता, हलवून, त्यातील १० मिलिलिटर शंकुपात्रात घ्यावे. त्यात आधी पोटॅशियम आयोडाइड व नंतर ॲसेटिक आम्ल घालावे. हा क्रम चुकवू नये, कारण नुसत्या पावडरीवर आम्ल पडल्यास क्लोरीन वायू सुटतो. मोकळ्या झालेल्या आयोडीनमुळे द्रावण तपकिरी होते. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट सोडीत जावे, रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घालावा आणि निळा रंग नाहीसा होताच वाचन घ्यावे.

क्लोरीनचा एक मोल आयोडीनचा एक मोल मोकळा करतो व त्यास थायोसल्फेटचे दोन मोल लागतात. या नात्यामुळेच अशा द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीन दाखवितो. वाचन ९.३ आले, तर १०० मिलिग्रॅम पावडरीत ३३ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्के. ताजी, चांगली पावडर साधारण एवढीच भरते. वाचन ५ आले, तर प्रमाण १८ टक्क्यांच्याही खाली आहे. पोते उघडे किंवा ओलसर जागी राहिल्यास असे होते. तेव्हा नेहमीच्या मापाने टाकलेली पावडर निम्म्याच्या जवळपासच काम करते, आणि पाणी शुद्ध झाल्याच्या समजुतीने गाव ते पीत राहते. ‘मोल कशासाठी?’ या विद्यार्थ्याच्या प्रश्नास याहून नेमके उत्तर पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

अशा तपासणीने शासकीय आरोग्य प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेतली जात नाही, हे सरपंचांनी व अध्यापकांनीही ध्यानात ठेवावे. तथापि वाचन कमी आल्यास अधिकृत तपासणी लवकर मागविता येते. नमुना पोत्याच्या वरच्या थरातून न घेता निरनिराळ्या खोलीवरून घ्यावा, एकत्र मिसळावा आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीतून त्याच दिवशी महाविद्यालयात पोहोचवावा.